परक्या आकाशाचा परवाना

मागच्या उन्हाळ्यात नागपूरच्या धरमपेठेतल्या एका चौकात एक फ्लेक्स लागला होता. निळंभोर आभाळ, काचेचा टॉवर, कानाला हेडसेट लावलेली हसरी मुलगी आणि खाली पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं: बारावीनंतर थेट परदेशात एअर ट्रॅफिक कंट्रोलर. खालच्या टपरीवर एक बाप चहाचा ग्लास हातात धरून सोबतच्या माणसाला विचारत होता, "पोट्ट्याले धाडाचं म्हणतो भाऊ. किती वर्षाचा असते हा कोर्स? तसा बेसाचा प्लॉट आहे, काढून टाकू." सोबतचा म्हणाला, दोन वर्षांचा असेल. बापाने मान डोलावली आणि फ्लेक्सवरचा नंबर मोबाइलमध्ये उतरवून घेतला.

तो प्लॉट विकला गेला की नाही, कोण जाणे. पण त्या माणसाचा प्रश्न मनातून गेला नाही, कारण त्याच्या बोलण्यात लोभ नव्हता, मुलाची काळजी होती. आणि त्याला खरं सांगणारं तिथे कुणीच नव्हतं.

खरं असं आहे की कोर्स कितीही महागाचा केला तरी त्यातून कंट्रोलर तयार होत नाही. कोर्समधून निघतो तो फार तर शिकाऊ. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे इकाओ, तिच्या नियमांत कंट्रोलरच्या परवान्याची रचनाच अशी आहे की त्यातला निर्णायक भाग खऱ्या विमानांसमोर, खऱ्या फ्रिक्वेन्सीवर, शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली पुरा करावा लागतो. विमानतळाच्या टॉवरच्या रेटिंगसाठी, म्हणजे परवान्यावर नोंदवल्या जाणाऱ्या त्या कामाच्या पात्रतेसाठी, किमान ९० तास किंवा एक महिना, यातलं जे जास्त भरेल ते. अप्रोच (विमानतळाकडे येणारी-जाणारी विमानं) किंवा एरिया कंट्रोलसाठी (वर मार्गावर असलेली विमानं) १८० तास किंवा तीन महिने, पुन्हा जास्त भरेल ते. हे तास कुठल्याही खाजगी वर्गात मिळत नाहीत. ते जिथे विमानं येतात-जातात त्या युनिटमध्येच मिळतात, आणि तिथे बसवायचं कुणाला हे ते युनिट चालवणारी संस्था ठरवते. युरोपात खाजगी संस्थेतून शिकून विद्यार्थी परवाना काढता येतो, हे खरं. पण तो हातात आल्यावर वर्षभरात कुठल्याही युनिटने प्रशिक्षणाला घेतलं नाही, तर पुढे पाऊल टाकण्याआधी क्षमतेची तपासणी नव्याने द्यावी लागते. प्लॉटचे पैसे त्या एका वर्षात संपलेले असतात.

दुसरी गोष्ट नागरिकत्वाची. अमेरिकेत एफएए, म्हणजे तिथली सरकारी विमान वाहतूक यंत्रणा, तिचा कंट्रोलर व्हायचं तर अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, अर्ज करताना वय ३१ च्या आत असावं लागतं, आणि ५६ व्या वर्षी कन्सोल, म्हणजे विमानं हाताळायची जागा, सोडावाच लागतो. कॅनडात हे काम पाहणारी संस्था, नॅव्ह कॅनडा, नवशिक्यांना घेते, पण नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्यांनाच. ब्रिटनमध्ये नॅट्स या तिथल्या संस्थेकडे अठरा वर्षांचं मूलही अर्ज करू शकतं, मात्र तिथे काम करण्याचा हक्क आधीपासून हवा. ज्यांची मुलं टोरोंटोला किंवा मेलबर्नला जन्मली, वाढली, त्यांच्यासाठी ही दारं खरीच उघडी आहेत आणि त्यांनी ती जरूर ठोठवावीत. प्रतापनगरात राहून बीएस्सी करणाऱ्या मुलासाठी मात्र हा रस्ता नाही. त्याच्यासाठी खुला असतो तो मुख्यतः आखाताचा: दुबई, अबुधाबी, दोहा, मस्कत, बहारीन. आणि आखाताला नवशिका परदेशी नको असतो. त्यांना तयार माणूस हवा असतो.

तयार व्हायचं ते इथेच.

इथला रस्ता साधा आहे, पण अरुंद आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरण ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह, एअर ट्रॅफिक कंट्रोल या पदासाठी जाहिरात काढतं. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएस्सी, किंवा इंजिनिअरिंगची पदवी, ज्यात एखाद्या तरी सत्रात हे दोन्ही विषय असतील. खुल्या वर्गासाठी वयाची मर्यादा २७. संगणकावर परीक्षा, त्यात निम्मा भाग गणित आणि भौतिकशास्त्राचा, निम्मा इंग्रजी, बुद्धिमापन आणि सामान्य ज्ञानाचा. पुढे कागदपत्रं, आवाजाची चाचणी, मानसिक चाचणी, नशेच्या पदार्थांची तपासणी, वैद्यकीय. जाहिरात दरवर्षी ठरल्या तारखेला येईलच असं नाही, म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षापासूनच बारावीचं गणित-भौतिकशास्त्र ताजं ठेवलेलं बरं. आपल्याकडची मुलं इथेच घसरतात. पदवीचं गणित चांगलं असतं, पण अकरावी-बारावीची प्रकाशाची, विद्युतचुंबकत्वाची प्रकरणं विसरलेली असतात, आणि वेळेच्या तंगीत हात चालत नाही.

निवड झाली की प्रशिक्षण. प्रयागराजचं कॉलेज जुनं आणि नावाजलेलं, हैदराबादलाही केंद्र आहे, आणि तिसरं आपल्या अगदी दाराशी, गोंदियाला. बिरसीच्या विमानतळालगत. विदर्भातल्या किती पालकांना ठाऊक आहे की देशाच्या वेगवेगळ्या टोकांची मुलं कंट्रोलर व्हायला गोंदियात येऊन राहिली आहेत? नागपुरात फ्लेक्स दुबईचे लागतात आणि रेल्वेने दोन-अडीच तासांवरच्या गोंदियाचं कुणी नाव घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रशिक्षणानंतर नेमणूक देशात कुठेही होते. ती नागपूरला झाली तर त्या मुलाने स्वतःला भाग्यवान समजावं, आणि हे गावाच्या अभिमानापोटी म्हणत नाही. सोनेगावच्या धावपट्टीवर दिवसभरात उतरणाऱ्या विमानांची संख्या मुंबई-दिल्लीच्या मानाने थोडी, त्यामुळे बाहेरच्याला इथलं काम निवांत वाटतं. काम खालून दिसत नाही, ते वर असतं. दिल्लीहून चेन्नईला, मुंबईहून कोलकात्याला जाणारी वाहतूक मध्य भारतावरून एकमेकींना छेदत जाते, आणि रात्र चढली की आग्नेय आशिया आणि युरोप यांच्यामधली लांब पल्ल्याची विमानंही याच आकाशातून सरकतात. मनीषनगरच्या गच्चीवरून बारीक ठिपका दिसतो. नागपूर कंट्रोलच्या पडद्यावर त्याच्या शेजारी उंची, वेग आणि मार्गावरच्या पुढच्या ठरलेल्या बिंदूची वेळ लिहिलेली असते. हे गाव या कामाला नवं नाही. १९४९ पासून सत्तरच्या दशकापर्यंत रात्रीची टपाल विमानं दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रासहून निघायची, मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. आणि २०२४ मध्ये प्राधिकरणाने 'ईशान' नावाच्या प्रकल्पासाठी स्वारस्य मागवलं, त्यात दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई या चारही क्षेत्रांच्या वरच्या आकाशाचा एकत्रित कारभार नागपूरहून व्हावा अशी कल्पना आहे. ती प्रत्यक्षात उतरली, तर या गावातल्या अनुभवाचं वजन आणखी वाढेल.

नागपूरच्या आकाशात काय शिकायला मिळतं ते मे महिन्यात पाहावं. दुपारभर डांबर वितळवणारं ऊन आणि चारनंतर पश्चिमेकडून वर चढत जाणारे ढग. वादळी ढगाचा माथा चाळीस हजार फुटांच्याही वर जातो, म्हणजे विमानाला त्याच्यावरून जाता येत नाही, बाजूनेच वळसा घालावा लागतो. मग एक वैमानिक उजवीकडे वीस मैल मागतो, त्याच्या मागचा तेच मागतो, आणि समोरून येणाऱ्याला ढगाच्या त्याच बाजूने डावीकडे जायचं असतं. नकाशावर वेगळे असलेले दोन मार्ग ढगाच्या एका फटीत एकत्र येतात. रडारवर दोन विमानांत पाच नॉटिकल मैल हवेत, नाहीतर उंचीत हजार फूट. म्हणून जाणता कंट्रोलर वळण देण्याआधी उंची पक्की करतो: आधी एकाला एका पातळीवर बांधून ठेवायचं, दुसऱ्याला हजार फूट वर किंवा खाली, मग ज्याला जिकडे वळायचं तिकडे वळू दे. नवखा उलटं करतो. वैमानिकाच्या आवाजातली घाई ऐकून तो लगेच वळण देऊन टाकतो आणि उंचीचा प्रश्न दोन मिनिटांनी अंगावर येतो. त्या दोन मिनिटांत फ्रिक्वेन्सीवर सगळेच बोलत असतात. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं की कानात नुसती कर्कश शिट्टी वाजते आणि दोघांचंही बोलणं वाया जातं. त्यात ६१२ आणि ६२१ अशा सारख्या क्रमांकांची दोन विमानं एकाच वेळी असली, की एकाला दिलेली सूचना दुसरा उचलतो. वैमानिकाने सूचना परत वाचून दाखवली म्हणजे काम झालं असं नव्हे. ती नेमकी कोणी वाचली आणि बरोबर वाचली का, हे ऐकणं कंट्रोलरचं काम. थकलेल्या माणसाला आपल्याला अपेक्षित आहे तेच ऐकू येतं, आणि चूक इथूनच शिरते.

असा एक मोसम काढलेला माणूस आखातातल्या मुलाखतीत बसतो तेव्हा त्याच्या बोलण्यातून ते कळतं. सिम्युलेटरवर मुद्दाम एखाद्या विमानाला बिघाड दिला जातो, एखाद्याला वाट अडवली जाते. तपासणारे बघत असतात ते हेच, की घाईत याचा प्राधान्यक्रम ढळतो का.

इंग्रजीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण मराठी मुलं इथे विनाकारण घाबरतात आणि नको त्या गोष्टीची तयारी करतात. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली, ३४९ माणसं गेली. दिल्लीच्या कंट्रोलरने दिलेली उंची बरोबर होती. कझाक विमान त्या उंचीच्या खाली आलं. त्यांच्या कॉकपिटमधली इंग्रजीची अडचण चौकशीत पुढे आली. भाषेच्या पातळ्यांचा आजचा नियम ज्या अपघातांच्या अनुभवातून घडला, त्यांत या अपघाताचं नाव घेतलं जातं. त्या नियमानुसार कंट्रोलरला किमान चौथी पातळी लागते. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंपदा, ओघ, आकलन आणि संवाद या सहा बाजू तपासतात, आणि सहांपैकी सगळ्यात कमी गुण ज्यात, तीच अंतिम पातळी. शब्दसंपदा उत्तम आणि आकलन तिसरीचं, तर पातळी तिसरी. चौथी पातळी साधारण तीन वर्षांनी पुन्हा तपासावी लागते, पाचवी सहा वर्षांनी, सहावी कायमची. परदेशात जायचं असेल त्याने पाचवीचं लक्ष्य ठेवावं. त्यासाठी परदेशी हेल काढायची काहीच गरज नाही. विदर्भातला खणखणीत, स्वच्छ उच्चार रेडिओवर छान पोचतो. अडतं ते वेगाशी. आपण घाईत वाक्याचा शेवट गिळतो, आणि सूचनेतला आकडा नेमका शेवटी असतो. इकाओची शिफारस मिनिटाला शंभर शब्दांच्या आत बोलावं अशी आहे. इतकं सावकाश बोलायला आधी लाज वाटते, मग सवय होते. दुसरी अडचण आकलनाची. कोरियन, रशियन, फ्रेंच, अरबी हेलांतलं इंग्रजी ऐकून समजणं हा वेगळा सराव आहे, आणि तो भाषेच्या क्लासमध्ये बसून होत नाही, रात्रीच्या पाळीत वरून जाणाऱ्या विमानांशी बोलून होतो.

आणि ठरलेले शब्दच का, याचं उत्तर तेनेरिफेत आहे. २७ मार्च १९७७ ला धुक्यात धावपट्टीवर दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं मेली. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना एका विमानाने धाव घेतली होती आणि रेडिओवरचं मोघम बोलणं कुणालाच नीट समजलं नव्हतं. तेव्हापासून उड्डाणासाठीचा शब्द, टेक-ऑफ, फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. एरवी दुसरा शब्द वापरायचा. पाठ करायला कंटाळवाण्या वाटणाऱ्या प्रत्येक वाक्यामागे असं काहीतरी घडलेलं आहे. हे ठाऊक असलं की पाठांतराचा कंटाळा येत नाही.

वैद्यकीय तपासणी तिसऱ्या वर्गाची. चष्मा चालतो, चष्म्यासकट प्रत्येक डोळ्याची नजर ६/९ आणि दोन्ही मिळून ६/६ हवी. रंग ओळखता आले पाहिजेत, आणि रंगांधळेपण अनेकदा निवड झाल्यावरच पहिल्यांदा उघडकीला येतं. दहावीनंतर एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे ठिपक्यांच्या तक्त्यांची चाचणी करून घेतली तर पाच वर्षांची मेहनत वाचू शकते. कानांचं तसंच. ५००, १००० आणि २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा जास्त घट चालत नाही, ३००० ला ५० पेक्षा. तासन् तास मोठ्या आवाजात इयरफोन लावणाऱ्या पिढीने हे आकडे लक्षात ठेवावेत.

आता आखाताकडे. तिथल्या जाहिराती बहुधा तीन ते पाच वर्षांचा अनुभव मागतात, तोही अलीकडचा आणि रडारवरचा. नुसत्या टॉवरच्या अनुभवावर टॉवरचंच काम मिळेल; अप्रोच सर्व्हिलन्स किंवा एरिया सर्व्हिलन्स, म्हणजे रडारवरच्या कामाचं, रेटिंग असलं तर दारं जास्त. रेटिंग चालू असणं याला फार महत्त्व आहे. इकाओच्या नियमाने ठरावीक काळ, जास्तीत जास्त सहा महिने, ते काम केलं नाही तर रेटिंग निष्प्रभ होतं. अनेकांचं इथेच बिनसतं. मुलाखत होते, होकार येतो, मग परवान्याच्या पडताळणीचं पत्र, ना-हरकत, पोलिसांचा दाखला, पदवीचं प्रमाणीकरण यांत महिने जातात, आणि दरम्यान माणूस कार्यालयीन कामावर बदलला गेला तर हातातलं रेटिंग थंड पडतं. म्हणून लॉगबुक रोजच्या रोज भरलेली आणि सही घेतलेली असावी, पदवीचं प्रमाणपत्र विद्यापीठातून आधीच काढून ठेवावं, इंग्रजीची आणि वैद्यकीयची मुदत संपायच्या आत नूतनीकरण व्हावं. नोकरी देणारी संस्था कंट्रोलरकडून पैसे घेत नाही. मधला माणूस नोंदणीचे, मुलाखतीचे किंवा व्हिसाचे पैसे मागू लागला की तिथेच थांबावं.

आणि तिथे पोचल्यावर? तिथे पुन्हा शिकाऊ.

हे फार कमी लोक आधी सांगतात. दहा वर्षांचा अनुभव असलेला माणूस दुबईला गेला तरी पहिल्या दिवशी त्याला एकट्याला एकही विमान हाताळता येत नाही. परवाना आणि रेटिंग मान्य होतं, पण युनिटची मंजुरी नव्याने मिळवावी लागते: वर्ग, सिम्युलेटर, मग प्रत्यक्ष कन्सोलवर प्रशिक्षकाशेजारी, शेवटी परीक्षा. गवंडी कितीही मुरलेला असला तरी नव्या गावातली माती आणि पाणी पाहिल्याशिवाय पाया घालत नाही, तसंच हे. बिंदूंची नावं वेगळी, शेजारच्या क्षेत्राशी विमान हस्तांतराचे करार वेगळे, वाळूच्या वादळातले मार्ग वेगळे. अवजड विमानामागे मध्यम विमानाला पाच मैलांचं अंतर हा नियम नागपूरलाही पाठ असतो. पण जिथे अवजड आणि त्याहून मोठी विमानं एकामागून एक रांगेने उतरतात तिथे तो नियम दर मिनिटाला हातात धरून वाहतुकीचा ओघही टिकवावा लागतो. मागच्याला जास्त अंतर दिलं तर सुरक्षितता राहते, पण रांग लांबते आणि विमानं हवेत घिरट्या घालत राहतात. हा तोल न साधल्याने चांगले चांगले अनुभवी लोक प्रशिक्षणातच परत येतात. त्यांना नालायक समजणं हा अन्याय आहे. ज्याचा हात मोठ्या अंतराच्या एरिया कंट्रोलवर बसलाय त्याला तीन मैलांच्या अप्रोचचा वेग पेलेलच असं नाही. आपला हात कशावर बसलाय, हे ओळखून अर्ज करणारे टिकतात.

पगार मोठा असतो, तो करमुक्त असतो, मुलांच्या शाळेचा खर्च बऱ्याच ठिकाणी मिळतो, आणि नागपूरहून शारजा-दोहाला थेट विमान आहे. एवढं बेरजेत धरून लोक निर्णय घेतात. वजाबाकीत धरायला हवी ती गोष्ट अशी, की तिथे जायला इथली सरकारी नोकरी सोडावी लागली तर परत येण्याचा रस्ता जवळपास बंद होतो. इथे आकाशाचा कारभार प्राधिकरणाकडे, आणि खालच्या पदाची थेट भरती सत्ताविसाव्या वर्षी संपते. पस्तिशीत गेलेला माणूस चाळिशीत आईवडिलांसाठी नागपूरला परतायचं म्हणाला, तर बारा-पंधरा वर्षांचं कसब घेऊन त्याने बसायचं कुठे? तिथला करार मुदतीचा असतो, वैद्यकीय तपासणीत एखादा दोष निघाला तर तो मुदतीआधीही संपू शकतो. हे ऐकून कुणी जाऊ नये असं मला वाटत नाही. गेलेल्यांपैकी कितीतरी जणांनी तिथे फार उत्तम काम केलंय. पण हा हिशेब नवरा-बायकोने आणि घरातल्या मोठ्यांनी राजीनामा देण्याआधी एकत्र बसून मांडायला हवा. तोवर मुलाने गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नये, प्राधिकरणाच्या पुढच्या जाहिरातीकडे लक्ष ठेवावं, आणि बेसाचा प्लॉट विकायचं कारण या सगळ्यात कुठेच येत नाही.